चौथ्या सुराआधीचा चढ

रेइमा ओयानपेराच्या मेंदूत काहीतरी घडतं, याविषयी आमच्या प्रयोगशाळेत कोणालाच शंका नव्हती. जिवंत मेंदूत काही ना काही घडत असतंच. प्रश्न एवढाच होता की जे घडतं ते सुराच्या नंतर घडतं की आधी. नंतर घडत असेल तर त्याचा मेंदू ऐकतो. आधी घडत असेल तर तो वाट पाहतो. आणि वाट पाहणाऱ्याला पुनर्वसन केंद्रात जागा मिळणार होती. नुसतं ऐकणाऱ्याला दीर्घकालीन शुश्रूषेच्या विभागात.

रेइमा आमच्या ताम्पेरे शहरातल्या रेल्वे मालधक्क्यावर क्रेन चालवत असे. मार्चमध्ये स्कीच्या वाटेवर त्याचं हृदय बंद पडलं. मागून येणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनी ते पुन्हा सुरू केलं, पण तोवर मेंदूला प्राणवायूवाचून राहावं लागलं होतं. उन्हाळ्यात त्याने डोळे उघडले. ते उघडे असत, हलत असत, पण कोणावर टेकत नसत. हाक मारली तर उत्तर नाही, हात दाबला तर प्रतिसाद नाही. डॉक्टरांच्या भाषेत या अवस्थेला नाव आहे. ते नाव अवस्थेचं वर्णन करतं, तिचा उलगडा करत नाही.

जिल्ह्याच्या पुनर्वसन मंडळाचा नियम असा, की केंद्रातली जागा शिकू शकणाऱ्या रुग्णाला द्यायची. आणि शिकणं म्हणजे पुढे काय येणार याची अपेक्षा धरता येणं. व्याख्या वाईट नाही. याहून वाईट व्याख्या मी भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वाचलेल्या आहेत. फक्त ती तपासायची कशी, हे मंडळाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी आम्हाला विचारलं.

आमचं काम चुंबकीय क्षेत्रं मोजण्याचं. मेंदूतल्या पेशी एकत्र काम करू लागल्या की त्यांच्या विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या क्षेत्राच्या अब्जांशाएवढं, कधी त्याहूनही क्षीण. पूर्वी ते मोजायला द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं, कपाटाएवढं यंत्र लागत असे आणि रुग्णाला त्याच्याखाली डोकं स्थिर धरून बसावं लागे. रेइमासारख्यांना ते जमत नाही. आमच्या हेल्मेटमध्ये साखरेच्या खड्याएवढ्या काचेच्या कुप्या आहेत. प्रत्येकीत रुबिडियम धातूची थोडी वाफ. लेसरचा प्रकाश त्या अणूंना एका दिशेने उभं करतो, मेंदूचं क्षेत्र त्यांना किंचित कलतं करतं, आणि तो कल आम्ही मोजतो. वर्तमानपत्रवाल्यांना यात 'क्वांटम' हा शब्द फार आवडतो. मी गेली तीस वर्षं त्या शब्दाबरोबर काम करतो आहे. त्याने कोणाचंही मन वाचल्याचं मी पाहिलेलं नाही.

प्रयोग साधा होता. कानात सूर ऐकवायचे: खालचा, खालचा, खालचा, वरचा. पुन्हा तेच. दोन सुरांमधलं अंतर ठरलेलं. नेहमीचा, जागा मेंदू थोड्याच वेळात हा क्रम पकडतो आणि वरचा सूर येण्याच्या जरा आधी त्याच्या क्षेत्रात एक संथ चढ दिसू लागतो. तो चढ म्हणजे अपेक्षा. निदान आमच्या क्षेत्रात त्याला तसं म्हणण्याचा प्रघात आहे.

हे मोजमाप साम्पोने केलं. साम्पो निएमिस्तो, वय एकतीस, डॉक्टरेट ताजी, हात स्वच्छ, आशावाद उपजत. सप्टेंबरच्या एका दुपारी तो कॉफीच्या खोलीत आला आणि माझ्या कपाशेजारी एक कागद ठेवला.

"तार्मो, हे बघ. चष्मा लावून बघ."

मी चष्मा लावूनच बसलो होतो. आलेखावर उभी तुटक रेषा होती, चौथ्या सुराची. तिच्या आधी एक सुरेख, निवांत चढ होता.

"रेइमाचा?"

"रेइमाचा! म्हातारा वाट बघतोय!"

"म्हातारा तुझ्या वडलांच्या वयाचा असेल फार तर. फिल्टर कोणता लावलास?"

"झालं सुरू. अभिनंदन तरी कर आधी."

"फिल्टर सांग, मग करतो."

त्याने सांगितलं. मी अभिनंदन केलं नाही.

इथे थोडं थांबणं आवश्यक आहे. मोजलेल्या नोंदीत मेंदूच्या क्षेत्राबरोबर श्वासाचा हेलकावा असतो, पलंगाचं हलणं असतं, सत्तर मीटरवरून जाणारी ट्रामही असते. हा गाळ फिल्टरने काढावा लागतो. साधा फिल्टर फक्त घडून गेलेलं पाहतो आणि त्यामुळे सगळ्या गोष्टी किंचित उशिरा दाखवतो. तो उशीर टाळण्यासाठी आमच्या धंद्यातले लोक फिल्टर एकदा पुढे आणि एकदा मागे चालवतात. उशीर नाहीसा होतो. पण मागे चालताना फिल्टरला पुढे काय होणार आहे हे माहीत असतं, कारण नोंद पूर्ण झालेली असते; तिच्यात भविष्य आधीच लिहिलेलं असतं. सुरानंतरच्या ठसठशीत प्रतिसादाचा थोडा अंश मग सुराच्या आधी झिरपतो. ज्या प्रयोगात 'आधी की नंतर' हाच प्रश्न आहे, तिथे हे परवडत नाही. ही चूक दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात करता येणार नाही. सुतार किंवा आचारी चुकला तर निदान कार्यकारणाचा क्रम शाबूत राहतो.

दुसऱ्या दिवशी मीही साम्पोच्या कपाशेजारी एक कागद ठेवला.

त्याने तो उचलला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हा तर रेइमापेक्षाही स्वच्छ आहे! कोणाचा मेंदू?"

"कोणाचाच नाही."

"म्हणजे?"

"सपाट रेषा घेतली. सुरानंतर एक उंचवटा हाताने घातला. आधी काहीही नाही, शून्य. मग तुझ्याच प्रोग्राममधून काढली."

साम्पोने कागद खाली ठेवला. तो बुद्धिमान आहे; त्याला पुढचं वाक्य सांगावं लागलं नाही. तो फक्त म्हणाला, "तार्मो, मी हिल्काला सांगून बसलोय."

"काय सांगितलंस?"

"वाट बघतोय म्हणून. आलेखही दिला. तिने फ्रिजवर लावलाय."

हिल्का ओयानपेरा रेइमाची बायको. ती शुक्रवारी आली, डोक्यावर लोकरी टोपी, हातात सायकलचा दिवा. पाच फूट उंची, पण खोलीत आल्यावर माणसं आपोआप बाजूला सरतात अशी. व्यवसायाने शाळेतली शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. उन्हाळ्यात पेसापालोच्या सामन्यांत पंच. आमच्या या बेसबॉलमध्ये चेंडू समोरून येत नाही, फलंदाजाच्या शेजारी उभा वर फेकला जातो, आणि तो पुरेसा उंच गेला की नाही, खालच्या थाळीवर पडला असता की नाही, हे पंचाने डोळ्यांनी ठरवायचं असतं. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक आपल्याला त्याबद्दल काय वाटतं ते त्याला मोठ्याने कळवत असतात.

साम्पोने सगळं समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं, स्वतःला कुठेही वाचवलं नाही.

"म्हणजे तो वाट बघत नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"तसं नाही," साम्पो म्हणाला. "म्हणजे, बघत असेलही. आम्हाला माहीत नाही."

"गेल्या आठवड्यात माहीत होतं."

"गेल्या आठवड्यात मी चुकलो होतो."

"वाट बघायचं म्हणाल," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तर रविवारचे रविवार बर्फातल्या भोकाशी गळ टाकून बसायचा. घरी येताना मासा एक नाही. वर म्हणायचा, आज दिवस छान गेला. त्याला वाट बघता येते का, हे तुम्ही मला विचारा ना, यंत्राला काय विचारता?"

"तुमचा शब्द मंडळ धरणार नाही."

"ते ठाऊक आहे हो. म्हणून तर आलेय."

मी तिला पर्याय सांगितला. झिरपायला मुळात काहीतरी असावं लागतं. चौथा सूर अधूनमधून द्यायचाच नाही. तीन खालचे सूर, आणि मग शांतता. त्या शांततेत प्रतिसाद नाही, म्हणून झिरपणारं काही नाही. तिथेही चढ दिसला, तर तो फिल्टरचा नसेल. तुलनेसाठी अशीही मालिका ऐकवायची, जिच्यात सुरांना काहीच क्रम नाही. तिथे अपेक्षा धरणं शक्यच नसतं. दोन्हीकडच्या शांतता एकमेकींशी ताडून पाहायच्या.

"आणि दर वेळी शांतताच ठेवली तर?" तिने विचारलं.

"तर वरच्या सुराची अपेक्षा कोणी धरणार नाही. तुम्हीही नाही."

"बरोबर. पोरांना रोज सांगितलं आज खेळ नाही, तर पोरं येतात कशाला." तिने दिवा पिशवीत टाकला. "करा मग. आणि ते 'तुम्ही तुम्ही' सोड आता. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय."

आमच्याकडे अशा मोजमापाची एक रीत आहे. मालिकांना नावं न देता रंग दिले जातात, लाल आणि निळा. कोणता रंग कशाचा, हे फक्त प्रयोगशाळेची प्रमुख मार्केत्ता जाणते. विश्लेषण रंगांवरच होतं. निकाल कुठे पोहोचला तर मान्य करायचा, ती रेषा मोजमापाच्या आधी लेखी ठरते. आणि शुक्रवारच्या कॉफीला सगळ्यांसमोर तो उघडला जातो; उघडेपर्यंत कोणी पुल्लाला हात लावायचा नाही. वेलदोड्याचा तो गोड पाव मार्केत्ता स्वतः आणते. माझ्या मते आमच्याकडच्या नेमकेपणाचं बरंचसं श्रेय भुकेला जातं.

रेषा ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी नेहमीची ठेवली: मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी हवी, आणि फरक कोणत्याही बाजूचा असला तरी मोजायचा, चढ असो वा उतार. दोन्ही बाजू धरणं ही आमच्या क्षेत्रातली सभ्यता आहे. कागदावर मार्केत्ताची आणि माझी सही झाली.

मोजमापाच्या दिवशी हिल्काला रेइमाबरोबर आतल्या खोलीत बसायचं होतं. त्या खोलीच्या भिंती बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या खास मिश्रधातूच्या आहेत आणि आत लोखंडाचा कण चालत नाही. तिने घड्याळ काढलं, अंगठी काढली, केसांतल्या पिना काढल्या. साम्पो तरीही घुटमळत उभा.

"आता काय राहिलं?"

"ते... आतल्या कपड्यात तार असते कधीकधी."

"साठीला आलेय मी, आणि पोरगं मला दारात उभं करून हे विचारतंय," ती मला म्हणाली. मग त्याला: "आहे तार. खोली कुठंय ती दाखव, लाजतोस काय. आम्ही सगळे वाफेच्या सौनात उघडे बसतोच की."

रेइमाला पलंगावरून आत नेलं. हेल्मेट चढवलं. तिने त्याच्या कानामागची पट्टी स्वतः सारखी केली आणि त्याच्या पायाशी बसली. दार बंद झालं. पडद्यावर रेषा हलू लागल्या: श्वास, एकदा खोकला, दूरची ट्राम, पुन्हा श्वास. सुरांना सुरुवात झाली. मध्यंतरात मी दार उघडलं तेव्हा तिने बोट ओठांवर ठेवलं आणि डोळ्यांनी त्याच्याकडे खूण केली. त्याचे डोळे उघडे होते. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की तो झोपलेला नव्हता.

उघडण्याच्या शुक्रवारी ती मार्केत्ताच्या आधी येऊन बसली. कोणी तिला यायला सांगितलं नव्हतं. नको म्हणायचं धैर्यही कोणाला झालं नाही. पुल्लाचं ताट मध्यभागी. साम्पोने कळ दाबली. पडद्यावर आकडा आला.

शंभरात सात.

"मार्केत्ता, रंग," मी म्हणालो.

मार्केत्ता म्हणाली, "लाल म्हणजे क्रमवाली मालिका."

साम्पो खुर्चीतून अर्धा उठला. "लाल वर आहे! म्हणजे चढच आहे, उतार नाही. पाहिजे त्याच बाजूला आहे. तार्मो, एकच बाजू धरली तर हे निम्मं होतं. साडेतीन! रेषेच्या आत!"

"दोन बाजू धरल्या होत्या," मी म्हणालो.

"पण उतार कोणाला हवा होता? चढच शोधत होतो ना आपण?"

"थांबा," हिल्का म्हणाली. "मला कळेल असं सांगा. पास की नापास?"

मी सांगितलं. योगायोगाने फसण्याची जी मुभा आम्ही स्वतःला दिली होती, ती चढ आणि उतार या दोघांत वाटली होती. आधीच 'फक्त चढ' असं म्हटलं असतं, तर सगळी मुभा चढाच्या बाजूला आली असती, आणि हाच फरक रेषेच्या आत बसला असता.

"मग तसं म्हणायला काय धाड भरली होती?"

"काही नाही. तसंही चाललं असतं."

"मग आता म्हण."

"आता चढ दिसलेला आहे."

साम्पो हळूच म्हणाला, "बरेच लोक करतात, तार्मो. छापलेल्या निबंधांत सुद्धा."

"करतात. म्हणून त्यांचे निष्कर्ष पुन्हा मोजले की टिकत नाहीत."

"मला निबंध छापायचा नाहीये," हिल्का म्हणाली. "मला नवऱ्यासाठी एक पलंग पाहिजे. जिथं त्याला रोज कोणीतरी उभं करेल, बोलेल. त्या दुसऱ्या विभागात दर दोन तासांनी कूस बदलतात, संपलं. तुझ्या त्या दीड टक्क्याच्या... साडेतीनच्या... जे काय असेल त्याच्या मागं हा पलंग आहे. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"आणि तरी नाही."

"तुझा चेंडू थाळीवर पडला की नाही, हे पडल्यावर तू थाळी सरकवून ठरवतेस का?"

हे वाक्य उच्चारताच ते अनावश्यक असल्याचं माझ्या लक्षात आलं. युक्तिवाद म्हणून ते बिनचूक होतं.

"हे मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "मैदानात मी हेच बोलते, आणि लोक मला आईवरून शिव्या देतात. का देतात ते आज कळलं." तिने टोपी घातली. दारापाशी थांबून ती साम्पोला म्हणाली, "आणि तू, बाळा, पुढच्या वेळी आधी मोज, मग बोल." साम्पोने मान हलवली. ती गेल्यावर मार्केत्ताने पुल्लाचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, "तू बरोबर आहेस. उगाच काही बोलू नकोस आता." मी काही बोलणार नव्हतो.

अहवाल मी लिहिला. त्यात दोन वाक्यं महत्त्वाची होती: अपेक्षेचं लक्षण या मोजमापात सिद्ध झालेलं नाही; ते लक्षण नाहीच, असंही सिद्ध झालेलं नाही. मंडळातल्या एका सदस्याने फोन करून विचारलं, याचा अर्थ हो की नाही. मी म्हणालो, याचा अर्थ जे लिहिलं आहे तेच. त्यांनी निर्णय एप्रिलपर्यंत पुढे ढकलला, पुन्हा मोजण्याची शिफारस केली, आणि तोपर्यंत रेइमाची रवानगी शुश्रूषा विभागात केली. तो विभाग शहराबाहेर आहे, सूचिपर्णी झाडांच्या एका रांगेमागे. हिल्का शाळा सुटल्यावर बसने जाते, हे मला साम्पोकडून कळलं. साम्पोही अधूनमधून जातो, हे मार्केत्ताकडून.

जानेवारीत, सरोवर पूर्ण गोठल्यावर, ती पुन्हा आली. फोन न करता. पापण्यांवर हिम जमलेलं होतं. तिने कोट काढला, माझ्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"एप्रिलला परत मोजणार?"

"हो."

"मग रेषा आज मारू. माझ्यासमोर."

मी कागद घेतला. साम्पोला बोलावलं. ती ज्या क्रमाने बोलत गेली त्यावरून तिने बसमध्ये बराच विचार केलेला दिसत होता.

"पहिलं. सकाळी मोजायचं. दुपारी त्याला डुलकी लागते. गेल्या वेळी दुपार होती."

मी साम्पोकडे पाहिलं. वेळ आम्ही हेल्मेट मोकळं असेल तशी ठरवली होती. मी लिहिलं: सकाळी.

"दुसरं. झोपला तर ते धरायचं नाही."

"झोपला की नाही, हे ठरवणार कोण?" मी विचारलं.

"मी. मी बघतेच असते त्याच्याकडे."

"तू नाही."

"पंच आहे मी."

"त्याची बायकोही आहेस."

तिने ओठ आवळले. मग खांदे उडवले. "बरोबर आहे. आपल्या गावच्या सामन्याला आपल्याला बोलवत नाहीत. मग कोण? हा?" तिने साम्पोकडे हनुवटी केली. "हा तर माझ्यापेक्षा हळवा."

साम्पो लाल झाला. मार्केत्ताचं नाव ठरलं. तिला रेइमाच्या चेहऱ्याचं चित्रीकरण दाखवायचं, सूर ऐकू द्यायचे नाहीत.

"तिसरं. एक बाजू की दोन?"

"आता दोन्हींचं समर्थन करता येईल," मी म्हणालो. "एकच बाजू धरली तर रेषा तुझ्या सोयीची होते. पण मग उतार आला, कितीही मोठा, तरी तो शून्य धरायचा. त्यातून काही निघतंय असं नंतर म्हणता येणार नाही. मीही म्हणणार नाही."

"उतार म्हणजे काय असेल?"

"माहीत नाही."

"मग तो घेऊन मी काय करू? एकच बाजू."

मी लिहिलं. साम्पो श्वास रोखून होता असं मला वाटलं; कदाचित त्याला सर्दी झाली असेल.

"आता शेवटचं," मी म्हणालो. "एप्रिलमध्ये जमलं नाही तर पुन्हा मोजायचं का, तेही आजच ठरवावं लागेल. परत परत मोजत राहिलं तर कधी ना कधी योगायोगाने रेषा ओलांडली जातेच. दोनदा मोजायचं ठरवलं तर प्रत्येक वेळची रेषा अधिक कडक ठेवावी लागेल. एकदाच म्हटलं तर आहे ती राहील."

"आणि एकदाच म्हटलं आणि नाही जमलं तर?"

"तर आमच्याकडून 'सिद्ध झालं नाही' एवढंच जाईल. मंडळ नंतर आम्हाला विचारणार नाही."

बाहेरून ट्राम गेली. दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर तिची लाट उमटली असणार. हिल्काने हातमोजे एकावर एक ठेवले, पुन्हा वेगळे केले.

"तुझं काय मत?" तिने साम्पोला विचारलं.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "प्लीज."

"तुझं?"

"गणिताने दोन्ही सारखेच प्रामाणिक आहेत," मी म्हणालो. "निवड गणिताची नाही."

"दोनदा ठेवलं तर पहिल्या वेळी मी मनातल्या मनात म्हणेन, जाऊ दे, अजून एक आहे. तो ऐकतो हे तरी तुम्हाला मान्य आहे ना?"

"ते सिद्ध झालेलं आहे. पहिल्याच मोजमापात. सुरानंतरचा प्रतिसाद फिल्टरने आलेला नव्हता."

हे मी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं. अहवालाचा तो विषय नव्हता. तिने कागद आपल्याकडे ओढला, सगळा वाचला, आणि शेवटच्या रिकाम्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिलं: एकदाच. सही केली, तारीख घातली, पेन टोपण लावून परत दिलं.

मग उठता उठता साम्पोला म्हणाली, "ते सूर जरा हळू करता येतील का रे? त्याला कर्कश आवाज सहन होत नाहीत. घरात मी शिट्टी वाजवली तरी ओरडायचा."

साम्पोने माझ्याकडे पाहिलं.

"येतील," मी म्हणालो. "पण किती हळू, ते आत्ताच ठरवू." आणि कागद पुन्हा पुढे घेतला.